सत्तेचाळीस नंबरचा दगड

"एक वेळ आल्प्स पर्वत जागचा हलेल, पण ड्रॉसलरॉइटची शीव आठशे वर्षांत बोटभर हललेली नाही आणि पुढची आठशे वर्षं हलणार नाही!" असं आमचे सरपंच एवाल्ड राउशर्ट यांनी सत्तेचाळीस नंबरच्या दगडावर डावा पाय ठेवून जाहीर केलं, आणि दगड हलला.

सरपंच पडले नाहीत. बँडमधल्या ढोलवाल्यानं त्यांना दंडाला धरून सावरलं. लोक हसायच्या बेतात होते, तेवढ्यात मोजणी खात्याच्या बाई बोलल्या. इन्सा ब्रोडर्स त्यांचं नाव. त्या उत्तरेकडच्या, समुद्रकाठच्या. तिकडची माणसं पूर आला तरी आवाज चढवत नाहीत.

"सरपंचसाहेब, दगडाचं जाऊ द्या," हातातल्या यंत्रावरून नजर न उचलता त्या म्हणाल्या. "तुम्ही हाझेलफुर्टमध्ये उभे आहात."

एकशे चाळीस माणसं एकदम गप्प झाली. ट्रॉम्बोनमध्ये उरलेली हवा तेवढी आपण होऊन बाहेर आली.

दर सात वर्षांनी, ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी, आमचं सगळं गाव आपली शीव पायी चालून येतं. एकूण त्र्याण्णव दगड. दर दहाव्या दगडाशी मनुक्यांची दारू असते, त्यामुळे सत्तेचाळिसाव्यापर्यंत माणसाला आल्प्स वगैरे आठवू लागतात. गावात नवीन राहायला आलेल्यांना उचलून दगडावर तीनदा आपटायचं, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहते, असाही रिवाज आहे. त्या दिवशी हाम्बुर्गहून आलेलं एक जोडपं नुकतंच आपटून झालं होतं. ते भलत्याच गावात आपटले गेले, हे त्यांना आता कळत होतं. मोजणीच्या बाई मात्र शिवफेरीला आल्या नव्हत्या. इंटरनेटची नवी तार टाकायची म्हणून खात्यानं त्यांना उपग्रहावरून हद्द तपासायला धाडलं होतं.

हाझेलफुर्ट म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. आम्ही दोनशे सत्त्याऐंशी, ते चार हजार. अठ्ठ्याहत्तर साली सरकारनं छोटी गावं मोठ्या गावांत विरघळवायला काढली, तेव्हा आसपासची सहा गावं हाझेलफुर्टच्या पोटात गेली. आम्ही गेलो नाही, कारण एवाल्डचे वडील किलिआन राउशर्ट जिल्हा कचेरीच्या पायऱ्यांवर शेणखताची गाडी ओतून म्हणाले होते, "मरेन, पण हाझेलफुर्टचा होऊन मरणार नाही." हे वाक्य कोरलेली पाटी आमच्या अग्निशामक बंबाच्या शेडवर आहे. एवाल्ड तेवीस वर्षं सरपंच आहे तो थोडासा कामावर आणि बराचसा त्या पाटीवर. मार्चमध्ये तो पाचव्यांदा उभा राहणार होता. विरोधात कोणी नव्हतं.

"मग शीव आहे तरी कुठे?" एवाल्डनं विचारलं.

बाईंनी चढाकडे बोट केलं. "अठराशे अडतीसच्या नकाशाप्रमाणे तिकडे. बस थांब्याच्या आसपास. साधारण साठ मीटर वर."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सत्तेचाळीस नंबरचा दगड आणि बस थांबा यांच्यामध्ये एकच वस्तू आहे. ती दुमजली असून तिच्या खिडक्यांना हिरव्या झडपा आहेत. ते सरपंचांचं घर.

"म्हणजे माझं स्वयंपाकघर?" सरपंचांची बायको गुंडुला गर्दीतून पुढे आली.

"हाझेलफुर्टमध्ये."

"आणि वरची झोपायची खोली?"

"बाई, हद्द मजल्यांप्रमाणे बदलत नाही."

"यंत्र खोटं बोलतंय!" एवाल्ड ओरडला. "सातांना बोलवा!"

सात म्हणजे शिवेचे दगड पुरणारे, शपथ घेतलेले सात जण. दगड पुरताना त्याच्याखाली ते एक खूण ठेवतात. ती कसली, किती तुकड्यांची, कशी मांडलेली, हे फक्त त्या सातांना ठाऊक. बायकोला नाही, पाद्र्याला नाही, कागदावर तर कुठेच नाही. नेमणूक मरेपर्यंत आणि गुपित मेल्यानंतरही. कोणी लबाडीनं दगड सरकवला तरी खूण जागच्या जागी राहते, आणि ती जिथे सापडेल तिथे शीव. आमच्याकडे चारशे वर्षं असंच चाललंय.

त्यांचा प्रमुख अल्बान डॉटरवाइश, वय चौऱ्याऐंशी. बाप्तिस्म्याच्या वेळी एवाल्डला कडेवर घेऊन उभा राहिलेला धर्मपिता तोच. पंचेचाळिसाव्या दगडापासून तो जरा मागे मागेच चालत होता, पण या वयात ते चालायचंच, असं आम्ही समजलो.

"काका, खणा," एवाल्ड म्हणाला. "या बाईंच्या डोळ्यांदेखत खणा."

"डोळ्यांदेखत नाही. पाठ करा."

नियमच आहे तो. एकशे तेहतीस माणसांनी पाठ केली. बाईंनीही केली. अल्बाननं यंत्रसुद्धा उलटं करायला लावलं. मग फावड्याचे आवाज आले, कोणीतरी खोकलं, आणि "वळा" असं ऐकू आलं.

"सापडली खूण?"

"नाही."

"म्हणजे कोणीतरी काढली!"

"कोणी काढली नाही."

"मग आहे कुठे?"

अल्बाननं आपल्या सहा जणांकडे पाहिलं. ते सहा आपापल्या बुटांकडे बघत होते. मग म्हातारा फावडं खांद्यावर टाकून चालू लागला. फीत नाही, नकाशा नाही, यंत्र नाही. खताच्या ढिगाला वळसा घालून, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारून, सरपंचांच्या विजारी वाळत घातलेल्या दोरीखालून वाकून, घराच्या पुढल्या दारावरून तो बस थांब्याच्या बाकापाशी गेला, आणि बाकाच्या डाव्या पायाशी त्यानं टाच रोवली.

"पाठ करा."

केली. या वेळी दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"वळा. आहे."

बाई धावत गेल्या, यंत्र लावलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "आठ सेंटिमीटरचा फरक येतोय," त्या म्हणाल्या. "बहुतेक माझ्याकडून."

खूण मिळाली याचा धक्का कोणाला बसला नव्हता. धक्का बसला तो म्हाताऱ्यानं ती शोधली नाही याचा. स्वतःच्या परसातल्या विहिरीवर जावं तसा तो गेला होता. मी ग्रामपंचायतीचं इतिवृत्त लिहितो, वही नेहमी बरोबर असते, त्यामुळे बाकावर पुढे जे बोलणं झालं ते माझ्याकडे जसंच्या तसं आहे.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं."

"हं."

"कधीपासून?"

"शपथ घेतली तेव्हापासून. एक्क्याऐंशी."

"चाळीसच्या वर वर्षं झाली! दर नाताळाला माझ्या टेबलावर बसून बदक खाता तुम्ही!"

"गुंडुला बदक चांगलं करते."

"एकदा तरी सांगायचंत!"

"शपथ आहे, एवाल्ड."

"अहो, शपथ खूण कसली आहे ते न सांगण्याची! दगड चुकीच्या जागी आहे एवढं सांगायला काय हरकत होती?"

 अल्बाननं सहा जणांकडे पाहिलं. सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसलं ते मी कोणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही," अल्बान म्हणाला.

"चार वेळा निवडून आलो मी! चारही वेळा बेकायदा!"

"चारही वेळा मी तुलाच मत दिलं."

"ठाऊक असताना?"

"मत गुप्त असतं. तेही मी कोणाला सांगितलं नाही."

एवाल्डनं टोपी काढली, पुन्हा घातली. "दगड कोणी हलवला तेवढं सांगा. हाझेलफुर्टवाल्यांनी?"

"कोणी नाही रे. चौऱ्याहत्तर साली शेतांचे तुकडे जोडायला बुलडोझर आला होता. त्याचा धक्का लागला, दगड उतारावरून घरंगळला आणि ओढ्याशी जाऊन थांबला. बुलडोझरवाला भला माणूस. त्यानं तिथेच सरळ उभा करून दिला."

म्हणजे जिथे एक दगड दमून थांबला, तिथपर्यंत आम्ही इतकी वर्षं दर सात वर्षांनी बँड वाजवत जात होतो. मी लिहिता लिहिता थांबलो.

"पण बाबांनी घर बांधलं एकोणऐंशीत," एवाल्ड म्हणाला. "नंतर तरी एक चकार शब्द बोलला नाहीत त्यांना? गावासाठी शेणखत ओतलेल्या माणसाला?"

अल्बाननं फावड्यावरची माती बोटानं खरवडली.

"काका?"

"मला खूण कोणी शिकवली असं वाटतं तुला?" अल्बान हळूच म्हणाला. "तेव्हा सातांचा प्रमुख किलिआनच होता."

बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, बाकावरच्या एवाल्डकडे आणि त्याच्या भोवती उभ्या असलेल्या बँडकडे पाहिलं, दार लावलं आणि तो निघून गेला.

"का बांधलं मग इथे?" एवाल्डनं विचारलं.

"मीही विचारलं होतं. म्हणाला, जागा झकास आहे. आणि इथून हाझेलफुर्टवर बारीक लक्ष ठेवता येतं."

"त्यांच्या हद्दीत राहून?"

"जवळून चांगलं दिसतं म्हणाला."

त्या वर्षी उरलेले शेहेचाळीस दगड आमच्या इतिहासात पहिल्यांदाच तसेच राहिले.

जिल्हा कचेरीचं पत्र नाताळानंतर दोन्ही गावांना आलं. मजकूर सरळ होता. दोन्ही ग्रामपंचायती ठराव करून वेगळं ठरवत नाहीत तोवर जुनीच शीव खरी. मानधनावरचा सरपंच गावातच राहणारा असला पाहिजे. दोन्ही ठरावांच्या नकला आठ जानेवारीला दुपारी बारापर्यंत पोचल्या तर एवाल्ड राउशर्ट यांचं नाव मतपत्रिकेवर येईल. नाही तर येणार नाही, आणि चालू खुर्चीही त्याच दिवशी सोडावी लागेल.

बंबाच्या शेडवरच्या खोलीत, म्हणजे त्या पाटीच्या बरोबर वर, सभा भरली. सदस्य आठही हजर, गाव बाकांवर. एवाल्ड अध्यक्षाच्या खुर्चीत बसावं की बसू नये अशा बेतानं कडेवर टेकला होता.

"मला आधी एक सांगा," सदस्य लिओबा ह्युमर उठल्या. "सहा वर्षांपूर्वी माझं लग्न सरपंचांनी लावलं. ते लागलेलं आहे का?"

प्रेक्षकांच्या बाकावरून त्यांचा नवरा कोर्बिनिआन यानं मान वर केली. तीन महिन्यांत त्याला कशात इतका रस वाटलेला मी पाहिला नव्हता.

"कोर्बिनिआन, खाली बस," लिओबा म्हणाल्या.

"मी उठलोच कुठे?"

"मनातनं उठलास."

लग्नं टिकतात, असं पत्राच्या तळटीपेत लिहिलेलं निघालं. कोर्बिनिआननं मान खाली घातली.

"सोपं आहे हो," दुसरा एक सदस्य म्हणाला. "खानावळीच्या वर एक खोली रिकामी आहे. सरपंचांनी तिथे राहायला यायचं. मग झाले गावचे."

सगळ्यांनी गुंडुलाकडे पाहिलं.

"जाऊ दे की त्याला," ती म्हणाली. "मी माझी चूल सोडायची नाही. सरपंच तो आहे, मी नाही."

"आणि मी एकटा?" एवाल्डनं विचारलं.

"रविवारी जेवायला येत जा. परगावचा पाहुणा म्हणून वाढीन."

तेव्हा उरला एकच मार्ग. हाझेलफुर्टकडून ती जमीन मागून घ्यायची. हे वाक्य कोणी उच्चारलं ते मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही, त्यांनीच तशी गळ घातली. खोली अशी काही सुन्न झाली की शेवटी मी "सभा तीन मिनिटं स्तब्ध उभी राहिली" असं लिहून टाकलं, जरी सगळे बसलेलेच होते. ठराव पाच विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला.

"मी येतो बरोबर," मागून अल्बान म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" एवाल्ड ओरडला.

"तेच तर करत आलोय," अल्बान म्हणाला.

सात जानेवारीला सकाळी एवाल्ड मला घेऊन निघाला. अंगावर अंत्ययात्रेचा काळा कोट, मांडीवर तीन पानी भाषण. हाझेलफुर्टच्या सरपंच हिल्डरुन त्साप्फ यांच्याशी तो नऊ वर्षं बोललेला नव्हता. त्यांचं पोहण्याच्या तलावाचं आमंत्रण त्यानं पाकीट न फोडता परत केलं होतं. कार्निव्हलच्या मिरवणुकीत त्यानं त्यांची चार मीटर उंचीची कोंबडी करून गावभर फिरवली होती. आता ती कोंबडी काय काय मागेल, याचाच विचार आम्ही दोघे करत होतो. ओढ्यावरच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली.

"बुर्कहार्ट, तिनं विलीनीकरण मागितलं तर?"

"मागेलच," मी म्हणालो. "मी असतो तर मागितलं असतं."

"मग मी उठून येईन. खुर्ची गेली तर गेली. खोली घेईन, रविवारी पाहुणा म्हणून जेवेन, पण माझ्या खुर्चीसाठी गाव देणार नाही. लिही."

मी लिहिलं. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या क्षणी मी त्याला पाचव्यांदा मत दिलं असतं.

हिल्डरुनबाई कचेरीत एकट्याच होत्या. टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं.

"या राउशर्ट. कोट काढा, हीटर फार तापलाय."

एवाल्डनं कोट काढला नाही. उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. "आज दोन स्वाभिमानी गावं इतिहासाच्या उंबरठ्यावर..."

"त्या साठ मीटरचं म्हणताय का? ते झालं काल."

"काय झालं?"

"ठराव. ती जागा तुम्हाला देऊन टाकली." त्यांनी कागदांच्या चळतीतून एक पान ओढलं. "विषय क्रमांक अकरा. दहावर शाळेच्या खिडक्या होत्या."

एवाल्डनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अटी?"

"अटी कसल्या?"

"विरोधात किती?"

"एकमतानं झालं. चार मिनिटं लागली. त्यातली तीन माइक बंद पडला म्हणून."

"पण चर्चा तर झाली असेल!"

"झाली ना. एकानं विचारलं, हे राउशर्ट कोण."

बस थांब्याच्या बाकावर मी एवाल्डचा चेहरा पाहिला होता. वडिलांचं कळलं तेव्हाही पाहिला होता. पण असा पांढरा तो तेव्हाही पडला नव्हता.

"तेवीस वर्षं मी तुमच्याशी भांडतोय," तो म्हणाला.

"हो का?" बाईंना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "कशावरून?"

"कार्निव्हलला तुमची कोंबडी केली होती! चार मीटरची!"

"ती मी होते? आम्हाला वाटलं, तुम्ही अंड्यांची जाहिरात करताय. मी टाळ्या वाजवल्या होत्या."

"आणि आम्हाला गिळायचा डाव? अठ्ठ्याहत्तर सालापासूनचा?"

"तुम्हाला?" बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो राउशर्ट, तेव्हाची सहा गावं अजून पचली नाहीत. प्रत्येकाला वेगळं स्मशान, वेगळा बंब, वेगळा बँड हवाय. सातवं कोण घेतंय? तुमचे दोन पूल पाहिलेत का खालून? आणि त्या जागेचा खालचा भाग तर दर वसंतात ओढ्याखाली जातो. आमचे लोक तर सुटलो म्हणाले."

हरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण जिंकलेला असताना, समोर शत्रूच नव्हता हे कळलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. खुर्ची वाचली होती, गाव वाचलं होतं, घर परत मिळालं होतं, आणि एवाल्ड दाराशी असा उभा होता जणू त्याचं सगळं काही जप्त झालंय. बाईंनी नकलेवर शिक्का मारला. त्यांनी दाखवलं तिथे त्यानं सही केली. भाषणाची तीन पानं घडी करून खिशात ठेवताना त्याला खिसा सापडेना. मी सापडवून दिला.

"अच्छा राउशर्ट," बाई म्हणाल्या. "निवडणुकीसाठी शुभेच्छा. आणि हो, थांबा. एक विनंती होती."

एवाल्ड गर्रकन वळला. पाठ ताठ झाली, डोळ्यांत चमक आली. आली अट शेवटी! त्याच्या चेहऱ्यावर अख्खं अठ्ठ्याहत्तर साल परत आलं.

"बोला," तो म्हणाला. "मी तयार आहे."

"सरकारी गॅझेटमध्ये छापून यायला ईस्टर उजाडेल. तोवर कागदोपत्री तुमचं घर आमच्याकडेच." बाईंनी उरलेलं सफरचंद उचललं. "तेव्हा तुमच्या त्या प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या गुरुवारी बाहेर ठेवता ना, तेवढ्या मंगळवारी ठेवाल का? आमची गाडी मंगळवारी येते."